माती भिंतीला किती रेटते?



आज मी आपल्याशी भिंतीविषयी बोलणार आहे. घराच्या भिंतीविषयी नव्हे. तिच्या दोन्ही अंगांना हवाच असते. मला बोलायचे आहे ते एका बाजूला माती आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा असलेल्या भिंतीविषयी. हिला आपण संरक्षक भिंत म्हणतो. शाळेचे पटांगण टेकडी कापून सपाट केले की तिथे ही भिंत येते. पांदण रस्ता नाल्याच्या कडेने गेला की तिथे येते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटात वळणावळणाला ती दिसते. आपला नागपूरचा मुलूख सपाट म्हणून ओळखला जातो, तरी नाग नदीच्या काठाने चालत गेलात तर कितीतरी अंतरापर्यंत हीच भिंत आपल्या सोबतीला असते.

या भिंतीचे काम मोठे कष्टाचे आहे. घराची भिंत वरचा भार पायात उतरवून मोकळी होते. संरक्षक भिंतीला मात्र रात्रंदिवस आडवा रेटा सोसावा लागतो. हा रेटा दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही, म्हणून त्याचा विचारही कोणी करीत नाही. तो किती असतो, कशाने वाढतो आणि आपल्याला त्याचा अंदाज कसा घेता येईल, एवढेच आज पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी कागद-पेन्सिल जवळ घेतली तर बरे. थोडे गणित आहे, पण ते आठवी-नववीच्या पलीकडचे नाही.

आधी एक अनुभव सांगतो. नागपूरपासून फार लांब नसलेल्या एका गावी टेकडीच्या पायथ्याशी शाळा होती. पटांगणासाठी उतार कापला होता, आणि कापलेल्या कडेला तीन मीटर उंचीची, म्हणजे सुमारे दहा फुटांची दगडी भिंत बांधायची होती. जाडीचा हिशेब मी करून दिला. भिंतीमागची जागा त्या वेळी सपाट होती, तेव्हा हिशेबही सपाट जागेचाच केला. मिस्त्री जुन्या वळणाचा, जुडाई उत्तम. भिंत अशी उभी राहिली की पाहणाऱ्याने मान डोलवावी.

तीन वर्षांनी गावात एक विहीर खोदली गेली. निघालेला मुरूम टाकायला जवळची जागा कोणती, तर शाळेच्या भिंतीमागची. ट्रॉल्यांवर ट्रॉल्या रिकाम्या झाल्या. भिंतीच्या माथ्यापासून मागे टेकडीकडे चांगला चढ तयार झाला, आडव्या दोन हातांना एक हात उभा, इतका. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. भिंतीवर तर एक टोपलीभर मातीही टाकली नव्हती; टाकली ती भिंतीच्या मागे!

उन्हाळा गेला. पोळ्याच्या आधी पाच दिवसांची झड लागली. शाळेचे गुरुजी सकाळी टेकडीवरून उतरत होते. भिंतीमागच्या चढावर त्यांना एक चीर दिसली. बोटभर रुंद, आणि भिंतीला समांतर अशी लांबच लांब गेलेली. गुरुजी इंजिनीअर नव्हते. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या. मुलांची प्रार्थना त्या दिवसापासून पटांगणाऐवजी व्हरांड्यात घेतली, आणि भिंतीपासून वीस पावलांवर दोरी बांधून पलीकडे कोणी जायचे नाही असे बजावले. मग मला निरोप पाठवला. मी पोहोचायच्या आदल्या रात्री भिंत पटांगणावर आडवी झाली. नेहमी प्रार्थनेला पहिली-दुसरीची पोरे जिथे उभी राहत, तिथे दगडांचा ढीग पडला होता.

मिस्त्री डोक्याला हात लावून बसला होता. मला म्हणाला, "साहेब, भिंत तर मायी मजबूत होती जी, मातीच बेइमान निघाली."

त्याचे अर्धे बरोबर होते. भिंत मजबूत होती. पण माती बेइमान निघाली नव्हती. ती आपल्या नियमाने वागली होती. नियम आम्ही विसरलो होतो. त्यातही चूक माझी मोठी. मी जाडी लिहून दिली, पण "हा हिशेब मागची जमीन सपाट राहील असे धरून केला आहे" हे एक वाक्य मी कागदावर लिहिले नाही. आज इथे बोलायला बसलो आहे तो त्या न लिहिलेल्या वाक्यासाठी.

आता नियम पाहू. खळ्यावर ज्वारीची रास आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वरून पाटी ओतली की दाणे घरंगळतात, रास वाढते, पण तिच्या बाजूचा उतार तोच राहतो. त्यापेक्षा उभी रास होत नाही. कोरड्या रेतीचे, मुरमाचे असेच आहे. कण एकमेकांना घासतात, अडवतात, आणि त्या घर्षणाच्या जोरावर एका ठराविक उतारापर्यंत ढीग आपला आपण उभा राहतो. त्या उताराच्या कोनाला आपण आज राशीचा कोन म्हणू. साधारण रेती-मुरमाचा तो तीस अंशांच्या आगेमागे असतो. मोजायचा असेल तर ढिगाची उंची आणि मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजा. उंची एक हात आणि अंतर पावणेदोन हात भरले तर कोन तीस अंशांच्या जवळ आला.

या कोनात उतार असेल तर भिंतीची गरजच नाही. पण आपल्याला माती उभी कापलेली हवी असते. मग जी माती घरंगळायला निघाली असती तिला भिंत अडवते. भिंतीवरचा रेटा तो हाच.

हा रेटा मोजायची युक्ती ज्याने काढली तो एक फ्रेंच लष्करी इंजिनीअर होता, शार्ल कूलाँ. विजेच्या धड्यात शिक्षक मुलांना ज्याचा नियम शिकवतात, तोच हा. तरुणपणी, 1764 पासून आठ वर्षे, तो वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्याच्या कामावर होता. किल्ला म्हणजे मातीला टेकलेल्या भिंतीच भिंती. परत आल्यावर 1773 साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध ठेवला. त्यातला विचार असा: भिंत केसभर जरी पुढे सरकली तरी तिच्यामागून मातीची एक पाचर सुटून खाली घसरू पाहते. ही पाचर किती वजनाची, तिला खालच्या मातीचे घर्षण किती अडवते, आणि उरलेला भार भिंतीवर किती येतो, हे काढा. पाचर कोणत्या रेषेवर सुटेल ते आधी ठाऊक नसते. म्हणून निरनिराळ्या रेषा घेऊन पाहा, आणि ज्या पाचरीने भिंतीवर सर्वांत जास्त रेटा येतो ती खरी माना. आज अडीचशे वर्षांनीही इंजिनीअर हेच करतात.

शाळेत हे डोळ्यांनी दाखवता येते. एक लाकडी खोके घ्या, त्याची एक बाजू काढून तिथे तळाशी बिजागरी लावलेली फळी बसवा. फळी दोरीने स्प्रिंगच्या काट्याला अडकवा. खोक्यात कोरडी रेती थराथराने भरा आणि दर थरावर खडूच्या पुडीची पातळ रेघ मारा. एका अंगाला काच लावली असेल तर उत्तम. रेती माथ्यापर्यंत सपाट भरा, काटा वाचा. मग मागून चढ देत रेती टाका, काटा पुन्हा वाचा. रेती फळीवर नाही, मागे टाकली, तरी काटा वर सरकतो. शेवटी दोरी थोडी ढिली करा. खडूच्या रेघा एका तिरप्या ओळीत तुटलेल्या दिसतील. ती पाचरीची रेषा. मागची माती सपाट असताना ही रेषा आडव्याशी सुमारे साठ अंशांचा कोन करते, म्हणजे पाचर आखूड असते. तीन मीटर भिंतीमागे तिची वरची रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास भरते. पण मागे चढ असला की रेषा झुकते, पाचर लांबवर मागे जाते, आणि तिचे वजन वाढते. चढावर टाकलेली माती भिंतीला का रेटते, याचे उत्तर या तुटलेल्या रेघांत आहे.

आता आकडे घेऊ. पाण्याने सुरुवात करू, कारण ते सोपे आहे. टाकीत एक मीटर खोलीवर पाणी जितके खाली दाबते तितकेच बाजूलाही दाबते. माती तशी नाही. कणांचे घर्षण असल्यामुळे ती खाली जितकी दाबते त्याच्या काही हिश्शाने बाजूला दाबते. राशीचा कोन तीस अंश आणि मागची जमीन सपाट असेल तर हा हिस्सा बरोबर एक तृतीयांश येतो.

एक घनमीटर मुरमाचे वजन 1800 किलो धरा. भिंत 3 मीटर. माथ्याशी दाब शून्य, तळाशी सर्वांत जास्त, म्हणून सरासरीसाठी निम्मे घ्यायचे. निम्मे गुणिले 1800 गुणिले उंचीचा वर्ग, म्हणजे 9. हे झाले 8100. त्याचा एक तृतीयांश 2700. म्हणजे भिंतीच्या दर एक मीटर लांबीवर 2700 किलोंचा, पावणेतीन टनांच्या जवळपास, रेटा आला. हा रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे एक मीटरवर, एकवटला आहे असे समजावे.

यात उंचीचा वर्ग येतो हे ध्यानात ठेवा. दीड मीटरची भिंत असती तर रेटा 675 किलो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट. "पाच फुटी भिंत टिकली, आता त्याच जाडीची दहा फुटी करू" असे म्हणणाऱ्याला एवढे एक गणित दाखवावे.

आता मागच्या उताराकडे येऊ. मागची जमीन चढाची असेल तर तो एक तृतीयांशाचा हिस्सा वाढतो. किती वाढतो याचे सुटसुटीत सूत्र ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी 1857 साली दिले. शिक्षकांसाठी ते शब्दांत सांगतो. चढाच्या कोनाची कोज्या घ्या. तिच्या वर्गातून राशीच्या कोनाच्या कोज्येचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ काढा. हे मूळ पहिल्या कोज्येतून एकदा वजा करा, एकदा तिच्यात मिळवा. वजाबाकीला बेरजेने भागा. आलेल्या उत्तराला पुन्हा चढाच्या कोज्येने गुणा. झाला हिस्सा.

पडताळा पाहा. जमीन सपाट, तेव्हा कोज्या 1. तीस अंशांच्या कोज्येचा वर्ग पाऊण. एकातून पाऊण गेले, उरले पाव, मूळ अर्धे. अर्धे भागिले दीड, एक तृतीयांश. जमले.

आता शाळेच्या भिंतीमागचा चढ घ्या, दोन हातांना एक हात. अंशांत तो साडेसव्वीसच्या आसपास. त्याच्या कोज्येचा वर्ग 0.8. त्यातून 0.75 गेले, उरले 0.05, मूळ सुमारे 0.224. कोज्या 0.894. वजाबाकी 0.67, बेरीज 1.118, भागाकार 0.6, आणि पुन्हा 0.894 ने गुणले की 0.537. एक तृतीयांशाऐवजी निम्म्याहून जास्त!

तीच तीन मीटरची भिंत, तोच मुरूम, आणि चढ वाढवत जाऊ. सपाट जमिनीला रेटा 2.7 टन. दहा अंशांच्या चढाला 2.8 टन. वीस अंशांना 3.4 टन. दोनास एक चढाला 4.35 टन. आणि चढ राशीच्या कोनाइतका, म्हणजे तीस अंश झाला की 7 टन.

या आकड्यांची चाल पाहण्यासारखी आहे. पहिल्या दहा अंशांत रेटा जेमतेम वाढला. शेवटच्या साडेतीन अंशांत मात्र सव्वाचाराचा सात झाला. इथेच माणूस फसतो. थोडी माती टाकली, काही झाले नाही. आणखी टाकली, तरी काही झाले नाही. मग चार ट्रॉल्या आणखी टाकल्याने काय होणार, असे वाटते. आणि त्या चार ट्रॉल्याच नेमक्या भारी पडतात. ट्रॉलीतून ओतलेली माती आपोआप कोणत्या उतारावर थांबते? राशीच्या कोनावर. म्हणजे सर्वांत वाईट उतार आपण न मागता मिळवतो.

हा वाढलेला रेटा चढाला समांतर, म्हणजे थोडा खालच्या दिशेने, असतो. त्यामुळे त्याचा काही भाग भिंतीला खाली दाबतो, आणि तेवढी भिंतीला मदतच होते. हे धरून आमच्या भिंतीचा हिशेब मांडू. तिचा माथा 60 सेंटिमीटर, तळ दीड मीटर, उंचीच्या निम्मा. दर मीटर लांबीला दगडी जुडाईचे वजन सव्वासात टनांच्या जवळ. तळाशी घर्षण वजनाच्या 55 टक्के धरले तर ती सुमारे 4 टनांपर्यंतचा आडवा रेटा सोसते. सपाट जमिनीचा रेटा 2.7 टन. म्हणजे जवळजवळ दीडपट ताकद शिल्लक होती. इंजिनीअरने ठेवावी तितकीच.

दोनास एक चढ झाल्यावर आडवा रेटा 3.9 टन झाला. भिंत खाली दाबली गेल्यामुळे तिची पकडही पाच टनांवर गेली. दीडपट होती ती सव्वापटीच्या थोडी वर राहिली. म्हणून उन्हाळाभर भिंत उभी राहिली. चढ पुरता तीस अंशांचा असता तर आडवा रेटा 6 टन आणि पकड 5.9 टन, म्हणजे ती कोरड्यातच सरकली असती.

मग पडली कशाने? पाण्याने.

"थेंबे थेंबे तळे साचे" ही म्हण बचतीसाठी चांगली; संरक्षक भिंतीमागे मात्र ती खरी होऊ देऊ नये. झडीचे पाणी मुरमात मुरले. बाहेर पडायला वाट नव्हती, कारण भिंतीतली भोके मागून मातीने बुजली होती. भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साचले तर काय होते पाहा. पाणी बाजूला पूर्ण जोराने दाबते, त्याला एक तृतीयांशाची सवलत नाही. तीन मीटर पाण्याचा रेटा निम्मे गुणिले 1000 गुणिले 9, म्हणजे साडेचार टन. पाण्यात बुडालेल्या मातीचे वजन निम्म्याच्या जवळ येते, तिचा रेटा दीड टन. बेरीज 6 टन. मागे चढ नसतानासुद्धा! आणि हा पाण्याचा रेटा भिंतीला खाली दाबून मदत करीत नाही, उलट तळाखाली शिरून तिला उचलू पाहतो. चार टन सोसणारी भिंत सहा टनांपुढे टिकत नाही. इथे तर चढ आणि पाणी दोन्ही एकत्र आले होते.

ही काही एका गावाची गोष्ट नाही. 2019 सालच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, 29 जूनला, पुण्याजवळ कोंढव्यात मोठी भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून पंधरा माणसे गेली. त्यानंतर तीनच दिवसांनी मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात डोंगरउतारावरची भिंत मुसळधार पावसात वस्तीवर आली आणि तीसच्या आसपास माणसे दगावली. दोन्ही वेळा रात्र होती आणि माणसे झोपेत होती. आपल्या नागपुरात 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि काठच्या भिंतीही जागोजागी ढासळल्या. भिंतीजवळची जागा स्वस्त असते, मोकळी असते. म्हणून तिथे मजुरांच्या झोपड्या पडतात किंवा पोरांचा खेळ मांडतो.

आता आपण काय करावे?

पहिली गोष्ट, भिंत बांधायच्या आधी मागची जमीन मोजा. कोनमापकाच्या मध्यातून दोरा ओवून त्याला खडा बांधा. कोनमापकाची सरळ कड उताराला समांतर धरली की दोरा उताराचा कोन दाखवतो. सहावीतला मुलगाही हे करील. आज जमीन सपाट असली तरी उद्या तिथे माती पडण्याचा संभव आहे का, हे विचारा. असेल तर चढ धरूनच हिशेब करा. गवंडी म्हणतात, "उंचीच्या निम्मा तळ ठेवा." ठोकताळा वाईट नाही, पण तो सपाट जमिनीचा आणि कोरड्या मातीचा आहे, हे त्यासोबत सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट, भिंतीमागे काळी माती भरू नका. आपल्याकडची काळी माती पिकाला सोने आहे. पण पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाणी सहज सोडत नाही. आता केलेला राशीच्या कोनाचा हिशेब तिला लागू पडत नाही, आणि तिच्या फुगण्याचा जोर वेगळाच येतो. भिंतीला लागून निदान दीड-दोन फूट रुंदीचा गोट्यांचा, गिट्टीचा थर द्या, त्यामागे मुरूम. पायाही काळी माती ओलांडून मुरमात किंवा खडकात न्या.

तिसरी गोष्ट पाण्याची वाट. भिंतीत तीन-चार इंची नळ्या, दर दीड मीटरला, बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या. मागच्या तोंडाशी गिट्टी, म्हणजे माती येऊन त्या बुजणार नाहीत. वरच्या अंगाला एक नाली काढा, म्हणजे टेकडीचे पाणी भिंतीमागे न मुरता बाजूने निघून जाईल. मृगाच्या आधी शाळेच्या मुलांना घेऊन या नळ्या काठीने मोकळ्या करा. भर पावसात नळ्यांतून पाणी ठिबकत असेल तर आनंद माना. पाऊस पडतो आहे आणि नळ्या कोरड्या आहेत, तर पाणी आत साचते आहे असे समजा.

चौथी गोष्ट, भिंतीच्या पायथ्याशी खोल नाली खोदू नका. पुढची माती भिंतीच्या पायाला टेकू देत असते. तो टेकू काढला की भिंतीची पकड जाते.

आणि पाचवी, भिंत बांधून झाल्यावर तिच्यावर एक पाटी लावा: "या भिंतीमागे माती, मुरूम, विटा टाकू नयेत." पाटीला खर्च काही नाही. माझ्या त्या भिंतीला ती असती तर विहिरीचा मुरूम दुसरीकडे गेला असता.

आता उभ्या असलेल्या भिंतींविषयी. आपल्या गावातली भिंत दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि मोठ्या झडीनंतर पाहून घ्यावी. ओळंबा सोडून पाहा, भिंत पुढे झुकली आहे का. भिंतीने मधेच पोट काढले आहे का. मागच्या जमिनीवर भिंतीला समांतर चीर पडली आहे का. ही चीर म्हणजे पाचर सुटायला लागल्याची खूण. यातले काही दिसले तर पुष्कळ ठिकाणी पुढून सिमेंटचा गिलावा करून भेग झाकतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! रोग मागे आहे. आधी माणसे आणि मुले दूर करा. पाऊस उघडला की मागची जास्तीची माती वरून, हळूहळू, काढा. खाली उभे राहून पायथ्याशी हात घालू नका. पाण्याला वाट द्या. आणि पंचायत समितीच्या अभियंत्याला लेखी कळवा, चढाचा कोन आणि भिंतीची उंची मोजून त्या पत्रात लिहा. आकडे असलेले पत्र टाळणे कोणालाही अवघड जाते.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग हिशेब आम्हीच करू, इंजिनीअर कशाला? तसे करू नका. मी सांगितलेला हिशेब अंदाजाचा आहे. प्रत्यक्षात मातीचा कोन, पायाची जमीन, वरून जाणारी वाहने, भिंतीचा आकार, असे पुष्कळ पाहावे लागते, आणि दोन मीटरच्या वरच्या भिंतीसाठी जाणकाराचा सल्ला घ्यावाच. पण अंदाज आपल्याजवळ असला की आपण योग्य वेळी योग्य प्रश्न विचारतो. "साहेब, हा हिशेब सपाट जमिनीचा आहे का चढाचा? पाणी कुठून जाईल?" हे दोन प्रश्न त्या गावात कोणी विचारले असते तर मी ते वाक्य लिहायला विसरलो नसतो.

त्या शाळेची भिंत पुढे पुन्हा बांधली. या वेळी मुरूम उचलून नेला, उतार सौम्य केला, नळ्या ठेवल्या. मिस्त्री तोच होता. काम संपल्यावर गुरुजींनी चौथीच्या एका मुलीला बोलावले आणि भिंतीवर पाटी रंगवायला सांगितली. अक्षर मोठे सुरेख होते. तिच्या वर्गातली मुले अजूनही दर मृगाला काठ्या घेऊन नळ्या मोकळ्या करतात की नाही, हे मला पाहायला जायचे आहे.

श्रोतेहो, उद्या सकाळी आपल्या शाळेमागच्या, रस्त्याकडेच्या भिंतीजवळून जाल तेव्हा पुढून तिचे दगड पाहाल तसे दोन पावले चढून मागेही पाहा. तिथे माती किती चढली आहे आणि पाणी कुठे जाते आहे, एवढे पाहिले तरी आजचे हे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.